खालचे शहर

इराणी विद्यार्थी पुण्यात मोठ्या संख्येने शिकायला येत, त्या २००० नंतरच्या दशकातील ही गोष्ट आहे. आम्ही दोघेही इंग्रजी साहित्याचे अध्यापक. सकाळी महाविद्यालयात कविता आणि भाषांतर शिकवावे आणि संध्याकाळी घरच्या दिवाणखान्यात आठ-दहा इराणी मुलामुलींकडून इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घ्यावी, असा आमचा क्रम होता. (‘दिवाणखाना’ हा शब्द मुळात आपलाच, हे त्या मुलांनी पहिल्याच दिवशी आमच्या लक्षात आणून दिले होते.)

परीक्षेत एक विषय हमखास येई : आपल्या शहराचे वर्णन करा. त्यासाठी आम्ही शब्दांचे एक टिपण तयार केले होते. डावीकडे फारसी शब्द, उजवीकडे इंग्रजी. टिपण दिसायला नेटके होते, परंतु पहिल्या ओळीपासूनच ते डळमळू लागले. इंग्रजीत सिटी आणि टाऊन हे दोन शब्द. फारसीत दोहोंना ‘शहर’. त्याच शब्दापासून झालेला ‘शहरेस्तान’ कोशात पाहावा, तर समोर ‘काऊंटी’ असा अर्थ. म्हणून काशानकडच्या एका मुलीने ‘मी काऊंटीची आहे’ असे लिहिले. तेहरानबाहेरून आलेल्या माणसाला राजधानीत ‘शहरेस्तानी’ म्हणतात आणि त्या म्हणण्यात किंचित तुच्छता असते, हे तिला सांगायचे होते. ते त्या इंग्रजी शब्दात उतरणे शक्यच नव्हते.

‘मैदान’ या शब्दाने तर आमचीच फसगत केली. तेहरानात मैदान म्हणजे चौक, ज्याला वळसा घालून मोटारी जातात तो. आमच्या डोळ्यांपुढे मात्र क्रिकेट खेळणारी पोरे. पुढे कळले की आमचे चित्रही अगदीच चुकीचे नव्हते. शाह अब्बासाने इस्फहानात उभारलेले नक्श-ए-जहान हे मैदान सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद आहे. तेथे एके काळी घोड्यांवरून चौगान खेळला जाई आणि त्याचे दगडी गोलखांब आजही उभे आहेत.

या गमतीजमतींपर्यंत सारे ठीक होते. एके दिवशी तेहरानच्या एका मुलाने आपला निबंध आणून दिला. हा मुलगा मितभाषी. वडिलांचे रेल्वे स्थानकाच्या बाजूला सुतारकामाचे दुकान. त्याने लिहिले होते, ‘आमचे घर खालच्या शहरात आहे.’ इंग्रजी अर्थातच मोडके होते. आम्ही तांबड्या शाईने ते शब्द खोडले, वर ‘डाऊनटाऊन’ असे लिहिले आणि समासात शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी त्याने तो निबंध वर्गात वाचला. त्या वाक्याशी वर्गातली तेहरानची मुले हसू लागली. तो खाली बसला. कारण विचारता तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही आमचे घर हलवलेत.”

काय घडले होते ते मग उलगडत गेले. तेहरान हे उतारावर वसलेले शहर आहे. उत्तरेला अल्बोर्झ पर्वत, दक्षिणेला सपाट, रखरखीत मुलूख. दक्षिणेच्या रेल्वे स्थानकापासून उत्तरेच्या तजरीशपर्यंत जाणारा वलीअस्र रस्ता सुमारे १८ किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्या अंतरात तो जवळजवळ ५०० मीटर चढतो. दुतर्फा चिनार, त्यांच्या मुळाशी वाहत्या पाण्याचे चर. या चरांना ‘जूब’ म्हणतात. पाणी वरून येते आणि खाली जाताना गढूळ होत जाते. श्रीमंती वर आहे, गार हवा वर आहे. म्हणून ‘बालाशहर’ म्हणजे धनिकांची वस्ती आणि ‘पायीनशहर’ म्हणजे कष्टकऱ्यांची. इंग्रजीतला डाऊनटाऊन मात्र न्यूयॉर्कचा. मॅनहॅटनचे दक्षिण टोक नकाशात खाली, आणि जुनी व्यापारपेठ तिथेच. त्यामुळे खालचे शहर म्हणजे पेढ्या, कचेऱ्या, पैसा. आमच्या तांबड्या शाईने एका सुताराचे घर उचलून पेढ्यांच्या शेजारी नेऊन ठेवले होते.

आम्ही शरमलो आणि घाईघाईने पर्याय सुचवला : ‘शहराचा गरीब भाग’ असे लिही. तो तयार होईना. “मी गरीब म्हटले नव्हते. मी खाली म्हटले होते.” खालून पाहिले की हिवाळ्यात रस्त्याच्या टोकाशी बर्फाचा डोंगर दिसतो, हेही त्याला त्या शब्दात हवे होते. शेवटी त्याचे त्यानेच लिहिले, ‘आम्ही तेहरानच्या दक्षिणेला राहतो, डोंगरावरून निघालेला रस्ता आमच्याकडे येऊन संपतो.’ परीक्षेला लागणारा एकही ठेवणीतला शब्द त्यात नव्हता. आम्ही त्यात काहीही दुरुस्त केले नाही.

खेदाची गोष्ट अशी की हा शब्द आमच्या घरातच होता. बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. वऱ्हाडाचे जुने दोन भाग बालाघाट आणि पाईनघाट, म्हणजे घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख. माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश आमच्या कपाटात होता. पण तो आम्ही बखरी वाचण्यापुरताच उघडत असू. समोर फारसी बोलणारा मुलगा बसला असताना आम्ही त्याला मराठीतून ऐकलेच नाही, इंग्रजीतूनच तपासत राहिलो.

पण खरा चटका दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. महाविद्यालयात भाषांतराचा तास होता. एका दलित आत्मकथनातील उतारा मुलांना दिला होता. त्यात ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द होता. बहुतेकांनी ‘आऊटस्कर्ट्स’ असे लिहिले होते, आणि त्यावर बरोबरची खूण करायला आमचा हात सवयीने पुढे झाला. वर्षानुवर्षे आम्ही ती खूण करीत आलो होतो. नकाशाच्या दृष्टीने शब्द बरोबरच आहे. परंतु आऊटस्कर्ट्सला आज नव्या सदनिकांच्या जाहिराती लागतात. कुसाबाहेर कोणी राहायचे हे ज्यांनी ठरवले, आणि ज्यांना आत पाणी भरायची मनाई होती, ती माणसे त्या इंग्रजी शब्दात नाहीत. आदल्या दिवशी आम्ही एक घर हलवले होते. इथे तर कित्येक वस्त्या आम्ही स्वतः हलवल्या होत्या, आणि वर्गात कोणी हसलेही नव्हते.

त्या तासाला आम्ही खूण केली नाही. हा शब्द कोण कोणाविषयी उच्चारतो, आणि उच्चारताना तो स्वतः कोठे उभा असतो, असे मुलांना विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “आम्ही तो शब्द घरी वापरत नाही. आम्ही नुसते ‘वस्ती’ म्हणतो.” तो तास तिच्या वाक्यावरच संपला.

आमच्या शब्दांच्या टिपणात त्यानंतर तिसरा रकाना आला : ‘कोण म्हणतो, कोठून म्हणतो.’ तो बहुधा रिकामाच राही, कारण तो भरायचा अधिकार मुलांचा होता. ‘गावकुसाबाहेर’साठी एका शब्दाचा इंग्रजी पर्याय आम्हांला अजून सापडलेला नाही. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, मूळ शब्द तसाच राहू द्या आणि त्यानंतर एक वाक्य लिहा. वाक्य लांबले तरी चालेल.