बाई, कॉल आला का?

रात्री दीड-दोनच्या सुमारास हे उठून बसतात. पायांनी चपला चाचपतात आणि अंधारातच विचारतात, "बाई, कॉल आला का?"

दौंडच्या रेल्वे कॉलनीत ज्यांनी संसार केला, त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागणार नाही. मोबाइल नव्हते तेव्हा मालगाडीच्या गार्डला ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय घरी यायचा. सायकल कुंपणाला टेकवायचा, कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. मग मी भाकरी थापायची आणि हे नगर-मनमाडकडे नाहीतर सोलापूरकडे निघून जायचे, परत कधी येणार ते गाडीलाच ठाऊक. २०११ साली हे निवृत्त झाले. २०२२ मध्ये रेल्वेने 'गार्ड' हे पदनावच बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. आमच्या घरी मात्र अजून कॉल यायचा आहे.

सुरुवातीला मी खरं तेच सांगायची. "अहो, रिटायर होऊन किती वर्षं झाली!" दर वेळी त्यांना ती बातमी नवी असायची. चेहरा असा पडायचा, की जणू आत्ताच कुणी हातातला झेंडा काढून घेतला. एका रात्रीत मी त्यांना तीनदा निवृत्त केलंय. आता म्हणते, "गाडी लेट आहे." हे "बरं" म्हणून आडवे होतात. मुलाला हे पटत नाही, बाबांशी खोटं बोलायचं म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. दौंड जंक्शनात राहणाऱ्या बाईने 'गाडी लेट आहे' म्हटलं तर ते खोटं कसं, हे मला कळत नाही.

पण त्याला काय बोलू? मी स्वतः मराठीची शिक्षिका. तीस वर्षं लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. ऱ्हस्वाला दीर्घ आणि दीर्घाला ऱ्हस्व करत हयात गेली. घरातही यांचं काही चुकलं की तोंडात दुरुस्ती तयार. "आज मंगळवार नाही, बुधवार." "हा तुमचा भाऊ नाही, जावई." विस्मरणाच्या या आजाराने आधी माझी ती लाल लेखणी काढून घेतली. स्वेच्छेने सोडली असं म्हणणार नाही. चुकाच इतक्या झाल्या, की खुणा करायला समासात जागा उरली नाही.

सुरुवात पेन्शनच्या सहीपासून झाली. सही जुळेना. मग एका बाजारच्या दिवशी हे भाजीची पिशवी घेऊन निघाले आणि घर सापडेना. मनमाडपर्यंतचा एकेक सिग्नल ज्यांना पाठ, त्यांना आमची गल्ली सापडेना! २०१९ मध्ये पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. ते दोन्ही ठीक निघालं, तेव्हा मला वाईट वाटलं. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडलेली मीच असेन.

सकाळचं जेवण हे दुपारी विसरतात, पण "दौंडच्या पुढे?" असं विचारलं की काष्टी, श्रीगोंदा, बेलवंडी, विसापूर, रांजणगाव रोड, सारोळा, अकोळनेर, नगर, एका दमात. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणींची नोंद करतो आणि हा आजार बहुधा तिथूनच पोखरायला लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. जुना माल आधीच पुढच्या गोदामात गेलेला असतो, तो बराच काळ टिकतो. नव्या मालाची पावतीच फाटत नाही.

लोक म्हणतात, "लहान मूल झालंय त्यांचं." मला हे वाक्य आवडत नाही. मूल काल जमलं नाही ते आज करतं. इथे काल जमलं होतं ते आज जमत नाही. आणि लहान मुलाला लाज नसते, यांना अजून आहे. अंघोळ घालताना हे टॉवेल घट्ट धरून ठेवतात, कारण त्यांच्या दृष्टीने परकी बाई न्हाणीघरात शिरलेली असते. मी आता पाठ फिरवून उभी राहते आणि तांब्या मागे देते. हे समजायला मला चार महिने आणि दोन ओरखडे लागले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज होता. देशात सुमारे ८८ लाख माणसं, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे आमच्या दौंड-शिरूरकडे वाड्या-वस्त्यांच्या मागच्या खोल्यांतून अशी किती माणसं बसली असतील. त्यांना कुणी रुग्ण म्हणत नाही. 'चळ लागला' म्हणतात, नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतात.

या आजाराला ज्याचं नाव मिळालं, त्या डॉक्टर अल्झायमरची पहिली गाजलेली रुग्ण म्हणजे ऑगस्ट डेटर. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात तिला आणलं, तेव्हा ती पन्नाशीची होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने स्वतःचंच नाव सांगितलं. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. तिच्याबद्दल एवढं लिहिलं गेलं, पण तो कारकून संध्याकाळी रिकाम्या घरात काय करत असेल, याची कुठे नोंद दिसली नाही.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या 'अस्तु' या सिनेमात मोहन आगाशांनी रंगवलेले विद्वान शास्त्री हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या बायकोला 'आई' म्हणू लागतात. तिला निदान आईपण तरी मिळालं. मी झाले 'बाई'. तसं अख्खं दौंड मला बाईच म्हणतं. फक्त यांनी चाळीस वर्षं कधी 'अगं'च्या पुढे काही म्हटलं नाही. आता म्हणतात, "बाई, तुम्ही जेवलात का?" तुम्ही! परकी झाल्यावर मला घरात मान मिळाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात कालवलं. पुढे पुढे, खोटं कशाला बोलू, बरं वाटायला लागलं.

मागच्या हिवाळ्यात दुपारी मेथी निवडत बसलो होतो. हे काड्या टोपलीत आणि पानं कचऱ्यात टाकत होते. एकदम म्हणाले, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"घोडनदीच्या." शिरूरला आम्ही जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतो. घोड नदी दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते. माझ्या लग्नात वडील म्हणाले होते, माहेरचं पाणी तुझ्या आधीच सासरी पोचलंय.

"अरे वा. आमची मंडळीही घोडनदीचीच." मग जरा पुढे झुकून, आवाज उतरवून, "शिकायची फार हौस तिला. बी. एड.ला पुण्यात नंबर लागला होता. मलाच नको होतं. पण आईच्या अंगावर ढकललं. आई तर म्हणाली होती, जाऊ दे तिला, पोरं मी सांभाळते."

१९८४ सालची गोष्ट. सासूबाई त्यानंतर पंधरा वर्षं जगल्या. ती पंधरा वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. वरण कमी पडलं तर वाढलं, दुखलं-खुपलं तर औषध दिलं, पण जवळ बसले नाही. त्यांना तरी ठाऊक होतं का, आपल्या नावावर काय चढवलंय ते?

डॉक्टरांना विचारलं, हे खरं असेल का? ते म्हणाले, जुनी आठवण खरी असू शकते आणि या आजारात मेंदू मधल्या जागा मनाने रचलेल्या गोष्टींनी भरतो, हेही होतं. दोन्ही शक्य. पूर्वीची मी असते तर उत्तर बरोबर की चूक ठरवल्याशिवाय वही खाली ठेवली नसती.

भांडावं तर कुणाशी? त्यांनी कबुली दिली ती एका परक्या बाईजवळ. त्या बाईला राग यायचं काही कारण नव्हतं. जिला कारण होतं, तिला त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. दोन-तीन दिवस मी घरात नुसती भांडी आपटली. एका रात्री तर यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. हे घाबरून माझ्याकडे पाहत राहिले, म्हणाले, "बाई, माझं काही चुकलं का?" मी ताट परत ठेवलं. आजारी माणसाची सेवा करून माणूस मोठा होतो असं सांगणारे पाहुणे अशा वेळी कधी घरात नसतात.

वटपौर्णिमेला शेजारणी बोलवायला येतात. मी जाते, सूत गुंडाळते. पण सात जन्म मागायचे तर कुणाकडे पाहून मागायचे, हा गोंधळ होतो. मला न शिकू देणारा तो, की जेवलात का विचारणारा हा?

ती कबुली ऐकल्यावर चौथ्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक उघडली. सासूबाईंचा फोटो जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेला होता. काच पुसली, खिळा ठोकला आणि समोरच्या खोलीत लावला. हे येऊन उभे राहिले.

"ह्या कोण?"

"माझ्या सासूबाई."

बराच वेळ पाहिलं त्यांनी. म्हणाले, "चेहऱ्यावरून भल्या वाटतात."

"भल्या होत्या," मी म्हटलं. हे वाक्य त्या हयात असताना माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

काल रात्री पुन्हा दोनला उठले. चपला चाचपल्या. कॉल आला का? गाडी लेट आहे. पण काल लगेच आडवे झाले नाहीत. पलंगाच्या काठावर बसून म्हणाले, "बाई, तुमचे मिस्टर कशात आहेत?"

"रेल्वेत. गार्ड आहेत."

"मग तुम्हाला रात्रीची झोप नसेल."

"नसते."

त्यांनी आपली उशी उचलून माझ्या बाजूला सरकवली. "झोपा तुम्ही. कॉल आला तर मी उठवतो."