झिजलेला उंबरठा

चित्रपटातील घर खरे वाटते ते कशामुळे? चार भिंती उभारून वर छप्पर घातले म्हणजे घर होत नाही. तेथे कोणी जेवले असेल, निजले असेल, रडले असेल, असा विश्वास प्रेक्षकाला वाटावा लागतो. तो निर्माण करणे हे कलादिग्दर्शकाचे काम. पडद्यावर त्याचे नाव क्षणभर झळकते आणि आपण ते विसरूनही जातो.

मराठी मातीत ही कला फार लवकर रुजली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळातच रंगवलेले पडदे दूर सारून, माणसांना वावरता येईल अशा भरीव वास्तू उभारल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल पुढे 'प्रभात'चे कलादिग्दर्शक झाले. १९३६ सालचा 'संत तुकाराम' त्यांनी विष्णुपंत दामले यांच्यासमवेत दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. एका मुसलमान कलावंताने वारकरी संताचे घर इतक्या आदराने उभारावे, याचे आम्हांस नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. त्या घरात म्हैस आहे, पोराबाळांची चिंता आहे. आजारी मुलासाठी पायातली वहाण हाती घेऊन विठोबाला जाब विचारणारी आवली आपल्याला पटते, कारण तिचा संसार आपण पाहिलेला असतो. संसार पटला, म्हणूनच अखेरीस तुकोबांचे वैकुंठगमनही आपण श्रद्धेने पाहतो.

हे साधते कसे? उद्या कोणाला आपल्या घिवलीतील मच्छीमाराचे घर पडद्यासाठी उभारायचे झाले, तर नवे लाकूड काळवंडावे लागेल. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्यांना चढणारा गंज दाखवावा लागेल. चुलीमागची भिंत काजळलेली हवी, उंबरठा मधोमध झिजलेला हवा, खुंटीवरच्या जाळ्याला दोन-चार ठिकाणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने सांधलेले हवे. वस्तू कोणी, किती वर्षे आणि कोणत्या हाताने वापरली, हे त्या वस्तूनेच सांगावे. त्यासाठी कलावंताला आधी खऱ्या घरात जाऊन बसावे लागते.

आता आपल्या नाताळगोठ्याकडे पाहू. १२२३ साली ग्रेच्चो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने पहिल्यांदा असा देखावा मांडला, तेव्हा खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. बेथलेहेमची गरिबी लोकांनी डोळ्यांनी पाहावी, हीच त्याची तळमळ. आमच्या गोठ्यांत मात्र थर्माकोलचे डोंगर, कापसाचे बर्फ आणि लुकलुकणारे दिवे. समुद्रकाठच्या आपल्या गावांत बर्फ कोणी पाहिला आहे? मुलांच्या हौसेला आमचा विरोध नाही. पण गव्हाणीची गरिबी इतकी चकचकीत झाली, तर शेजारच्या गळक्या छपराखाली तोच प्रभू आपल्याला ओळखू येईल का? देवाने मानवदेह धारण केला तो माणसांच्या घरात राहण्यासाठी. सुताराच्या घरातील भुसा आणि घाम त्याने आपलासा केला.

म्हणून यंदा गोठ्यासाठी बाजारातून काही आणू नये, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. एक फाटके जाळे, एक काळी पडलेली हंडी, एक विटलेली गोधडी मागून आणावी. ती मागायला ज्या घराचा उंबरठा ओलांडावा लागेल, तेथे आपण यापूर्वी कधी गेलो होतो का, हेही मग आपोआप कळेल.