गीतकाराचा मुखत्यार

शेत खंडाने लावणाऱ्याला आपले कूळ ठाऊक असते आणि घर भाड्याने देणाऱ्याला आपला भाडेकरू. परंतु गीत ही मिळकत अशी विलक्षण आहे की तिची वहिवाट एकाच घटकेस शंभर ठिकाणी चालते आणि त्यांतल्या नव्याण्णव ठिकाणांची वार्ताही धन्याच्या कानी जात नाही. नभोवाणीच्या केंद्रावर, उपाहारगृहात, दूरचित्रवाणीच्या मालिकेत आणि आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर जे गाणे वाजते, त्या प्रत्येक वाजण्याबद्दल रचनाकाराला काही द्रव्य मिळावे हे तत्त्व कायद्याने मान्य केले, तरी त्याच्या वसुलीसाठी कवीने दारोदार हिंडावे कसे? सबब त्याला मुखत्यार नेमावा लागतो. आणि हा मुखत्यार म्हणजेच, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांत ‘पीआरओ’ म्हणतात ती, सादरीकरणाच्या हक्काचे स्वामित्वधन गोळा करून वाटणारी संस्था.

स्वामित्वहक्काचे दावे आणि करारनामे यांतच माझी बरीचशी हयात गेल्यामुळे, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गाणी रचणारी तरुण मंडळी हिवाळ्यात आजोळी आली की कोणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे येतात, आणि अमेरिकेतल्या अशा दोन संस्थांविषयी बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काका, आस्कॅप बरी की बीएमआय?” आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३३ वे कलम एका प्रकारच्या कृतींसाठी सामान्यतः एकाच संस्थेची नोंदणी मान्य करते, आणि गीत-संगीताच्या बाबतीत ती जागा १९६९ साली स्थापन झालेल्या ‘आयपीआरएस’ या संस्थेकडे आहे. फ्रान्सात सासेम, इंग्लंडात पीआरएस, तेथेही व्यवहारतः एकेकच दार. अनेक दारांतून एक निवडण्याचे भाग्य म्हणा की विवंचना म्हणा, ती अमेरिकेतल्या गीतकाराच्या वाट्याला आली, आणि ती का आली हे समजून घेतल्यावाचून निवड करणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

या साऱ्या व्यवहाराचे मूळ पॅरिसच्या एका उपाहारगृहात सापडते. १८४७ साली अर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार आपल्या सहकाऱ्यांसह तेथे बसला असता त्यांचीच गाणी तेथे गायिली जात होती. तेव्हा तुम्ही आमच्या गाण्यांचे पैसे देत नाही तर आम्हीही तुमच्या पेयांचे देणार नाही, असे सांगून मंडळी उठली, प्रकरण न्यायालयात गेले, निकाल गीतकारांच्या बाजूने लागला, आणि १८५१ मध्ये सासेम जन्मास आली. अमेरिकेत हीच हालचाल १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये झाली व आस्कॅप स्थापन झाली. तीन वर्षांनी व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की उपाहारगृह गाण्याचे स्वतंत्र तिकीट लावीत नसले तरी ते संगीत धंद्याच्या लाभासाठीच असते आणि त्याचे मोल द्यावेच लागते.

परंतु गीतकारांनी गीतकारांसाठी काढलेली ही संस्था लवकरच आपल्या उंबरठ्याविषयी फार सोवळी झाली. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत आणि प्रकाशकांच्या गल्लीत ज्यांची ऊठबस होती त्यांचा तेथे मान. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय ब्लूजकर्ते आणि डोंगराळ मुलखातले ग्रामीण गायक यांना बहुधा बाहेरच तिष्ठावे लागे. जाझच्या आद्य रचनाकारांपैकी एक जेली रोल मॉर्टन याला १९३९ पर्यंत सभासदत्व मिळाले नाही. त्याच १९३९ साली नभोवाणीच्या मालकांनी, आस्कॅपने मागितलेल्या वाढीव दरांना विटून, स्वतःचीच प्रतिस्पर्धी संस्था काढली, ती बीएमआय. १९४१ च्या १ जानेवारीपासून सुमारे दहा महिने मोठ्या नभोवाणी-जाळ्यांनी आस्कॅपचे एकही गाणे वाजविले नाही, आणि अमेरिकेची जनता १८६४ साली निवर्तलेल्या स्टीफन फॉस्टरची, हक्कमुक्त झालेली गाणी अहोरात्र ऐकत बसली. बीएमआयला मात्र नवी गाणी हवी होती, आणि ज्यांच्यासाठी पहिले दार बंद होते त्यांनाच तिने आत घेतले. मालकांच्या स्वार्थातून वंचितांचे हित साधावे, हा इतिहासाचा विनोद मला फार आवडतो. मात्र त्यापासून बोध असा की कोणती संस्था ‘कलावंतांची’ आणि कोणती ‘व्यापाऱ्यांची’ हे तिच्या नावावरून वा जन्मकथेवरून ठरवू नये.

आज प्रमुख दारे चार आहेत. त्यांपैकी १९३० ची सीसॅक आणि २०१३ ची जीएमआर ही निमंत्रितांची दालने असल्यामुळे नवोदिताने त्यांचा विचारच करू नये. उरलेल्या दोघी १९४१ पासून मक्तेदारीविरोधी कायद्याखालील हुकूमनाम्यांनी बांधलेल्या असून, परवान्याच्या दराचा तंटा झाल्यास तो न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयापुढे जातो. आस्कॅप नफा न मिळविणारी असून तिचे संचालक सभासद गीतकार व प्रकाशक निवडून देतात. बीएमआय मात्र २०२४ साली न्यू माउंटन कॅपिटल या गुंतवणूकदारांच्या पेढीने आपल्या भागीदारांसह विकत घेतली. या विक्रीने गीतकाराची हानी होईल असे म्हणण्याइतका पुरावा मजपाशी नाही, पण मुखत्याराचा धनी बदलला की मुखत्यारपत्र एकदा पुन्हा वाचावे, हा आमच्या धंद्यातला जुना शिरस्ता आहे.

खरा प्रश्न याहून निराळा आहे. उपाहारगृह किंवा नभोवाणी-केंद्र संस्थेच्या सगळ्या भांडारासाठी एकच सरसकट परवाना घेते आणि एकरकमी शुल्क भरते. मग त्या राशीतून कोणाला किती द्यावयाचे हे मोजणीवर अवलंबून राहते, आणि मोजणी ही कागदावर चालते. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी निर्माता जो तक्ता भरतो, त्याला ‘क्यू-शीट’ म्हणतात. असा एक तक्ता माझ्या मेजावर आला होता : अनुक्रम, गाण्याचे नाव, कालावधी मिनिटे-सेकंदांत, वापराचा प्रकार, म्हणजे पार्श्वभूमीला की पात्राच्या तोंडी, मग रचनाकार, त्याची संस्था, त्याचा शेकडा हिस्सा, आणि तसेच प्रकाशकाचे. एका माहितीपटात एका तरुण कवयित्रीची ओवीच्या चालीची नवी रचना सत्तेचाळीस सेकंद वाजली होती, आणि तक्ता भरणाऱ्या कारकुनाने, चाल जुन्या वळणाची वाटल्यामुळे, रचनाकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ असा शब्द टाकून दिला होता. परंपरेचे कोणत्याही संस्थेत खाते नसते. पैसे कोणाच्याच नावे पडले नाहीत. बाई आस्कॅपमध्ये होत्या की बीएमआयमध्ये, याने यत्किंचितही फरक पडला नसता. दुरुस्त तक्ता रुजू करविण्यास जी पत्रे लिहावी लागली ती लिहिताना मला राहून राहून वाटत होते की या मुलीने संस्था निवडण्यावर ज्या रात्री जागविल्या, त्यांतला एक तास निर्मात्याकडून तक्त्याची प्रत मागण्यावर घालविला असता तर बरे झाले असते.

टोपणनावाचीही तीच कथा. आपल्या कवींना टोपणनावाचा मोठा सोस; परंतु जगभरच्या संस्था रचनाकाराला ‘आयपीआय’ नावाच्या क्रमांकाने ओळखतात आणि टोपणनावाची नोंद त्याच खात्यात स्वतंत्रपणे करावी लागते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे असेल, तर एकाच इसमाचे दोन हक्कदार होऊन बसतात व दोघेही उपाशी राहतात.

मातृभूमीकडे वळले की चित्र पालटते. १९७७ साली आयपीआरएसच्याच प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करवून घेतले असता, उलट करार नसल्यास, त्याचा पहिला मालक निर्माताच होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात कलावंतांविषयी संसदेने विचार करावा असे सुचविले खरे, पण त्या सूचनेला फळ येण्यास २०१२ साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर सर्व वापरांच्या स्वामित्वधनात गीतकार-संगीतकाराचा समान वाटा राखला आणि तो वाटा, कायदेशीर वारस किंवा वसुली करणारी संस्था यांखेरीज, कोणाला लिहूनही देता येणार नाही असे ठरविले. (चित्रपटगृहाचा अपवाद अमेरिकेतही आहे, तेथे तो १९४८ च्या एका निकालातून आला.) म्हणून मराठी निर्मात्यासाठी लिहिणाऱ्या माझ्या परदेशस्थ पाहुण्याला मी सांगतो की, अमेरिकन संस्थेच्या अर्जात ‘सारे जग’ या शब्दांवर सही करण्यापूर्वी भारताचा प्रदेश आयपीआरएसकडे वेगळा ठेवता येतो का, हे विचार; एकाच प्रदेशासाठी दोन मुखत्यार मात्र चालत नाहीत.

तरीही “बरी कोणती?” या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. स्वामित्वधनाचे दोन अर्ध असतात, एक रचनाकाराचा, दुसरा प्रकाशकाचा. ज्याला प्रकाशक नाही अशा एकट्या गीतकाराला बीएमआय दोन्ही अर्ध त्याच्याच खात्यावर देते. आस्कॅपमध्ये दुसरा अर्ध घेण्यासाठी प्रकाशक म्हणून निराळे सभासदत्व घ्यावे लागते, आणि हे ठाऊक नसल्याने कित्येकांचा तो अर्ध तसाच पडून राहतो. दुसऱ्या बाजूने, आस्कॅपचा करार वर्षावर्षाने सोडता येतो, तर बीएमआय गीतकाराला दोन वर्षांच्या मुदतीने बांधते, आणि मुदत संपण्याआधी ठराविक अवधीत लेखी नोटीस न दिल्यास तीच मुदत आपोआप पुढे चालू होते. कागदपत्रांचा कंटाळा करणाऱ्याला मी बीएमआय सांगतो; ज्याला दप्तर नीट ठेवता येते आणि संचालकांच्या निवडणुकीत मत द्यावेसे वाटते, त्याला आस्कॅप. सहकारी दुसऱ्या संस्थेत आहे म्हणून कोणी बावरू नये, कारण प्रत्येक संस्था आपापल्या सभासदाचाच हिस्सा वसूल करते. गाणे पुरे झाले त्याच बैठकीत कोणाचा शेकडा किती हे लिहून दोघांनी सह्या केल्या म्हणजे झाले. आणि पुढे संस्था बदलायची झालीच, तर जुन्या संस्थेने आधी देऊन ठेवलेले परवाने संपेपर्यंत जुनी गाणी त्या परवान्यांखालीच राहतात, तेव्हा नव्या दारात शिरल्यानंतरही काही काळ जुन्या संस्थेकडून हिशेब येत राहतील, ते फाडून टाकू नयेत.