घर कुठे करावे? नालासोपाऱ्याचा एक अनुभव



दहा बाय बाराची एक खोली. तीत म्हातारी आई, थोरला मुलगा, सून, नात आणि लग्न ठरलेला धाकटा मुलगा. ही गोष्ट आपल्या वस्त्यांत घरोघरची आहे. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीतही हेच झाले. खोली धाकट्या भावाला सोडायची आणि आईला घेऊन आपण दुसरीकडे बिऱ्हाड करायचे, असे आम्ही उभयतांनी ठरविले. ठरविणे सोपे होते. जायचे कुठे, हे कळायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत आम्ही जे शिकलो ते आपल्यासारख्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची अडचण अशी होती. आमच्यापैकी एकाची नोकरी अंधेरी पूर्वेला छापखान्यात, दुसरीची वसई पूर्वेला वालीवच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात. म्हणजे रोज सकाळी एकाने मुंबई गाठायची, दुसरीने वसई. दोन्ही शहरे शेजारी खरी, पण मध्ये वसईची खाडी आहे. भाईंदर आणि नायगाव या दोन स्टेशनांच्या मध्ये रेल्वे ही खाडी पुलावरून सरळ ओलांडते. रस्त्याने जायचे तर महामार्गावरच्या वर्सोवा पुलाचा वळसा पडतो. तेव्हा रोजच्या नोकरदाराला रेल्वे हाच खरा रस्ता.

वहीतला हिशेब

लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही स्टेशनांची नावे एकाखाली एक लिहिली. समोर दोन रकाने: अंधेरीला किती मिनिटे, वालीवला किती मिनिटे. जोगेश्वरीलाच भाड्याने राहावे, तर अंधेरी हाकेच्या अंतरावर. वालीवला मात्र जायला दीड तास आणि यायला दीड तास. सकाळी विरारकडे जाणारी गाडी रिकामी असते, बसायला मिळते, हे खरे; पण बसून गेले तरी तीन तास ते तीन तासच. शिवाय तिथले भाडे आम्हा दोघांच्या पगाराला पेलणारे नव्हते.

विरारला गाडी सुटते, म्हणून बसायला जागा मिळण्याची आशा. पण अंतर सर्वांत जास्त. वसई रोडहून काही गाड्या सुटतात आणि वालीवही जवळ. पण स्टेशनजवळचे भाडे आवाक्याबाहेर. नायगावला आम्ही पाहिलेल्या जागा नव्या आणि हवेशीर होत्या. पण आईला लागणारा दवाखाना आणि लेकीसाठी मराठी शाळा तिथून आम्हांला लांब पडत होती. कागदावर सर्वांत चांगले उतरले ते भाईंदर. दोघांनाही मधले, दोघांचा प्रवास तासाच्या आत.

म्हणून आम्ही भाईंदरला एक जागा पाहिली. एक खोली, स्वयंपाकघर, तिसरा मजला. घरमालकांनी चहा दिला. डिपॉझिट ठरले. मग त्यांनी पूर्ण नाव विचारले. आम्ही सांगितले. गाव कोणते, असे विचारले. तेही सांगितले. ‘घरात देव कुठे मांडणार?’ असे विचारले. आम्ही म्हणालो, ‘भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावू.’ दुसऱ्या दिवशी निरोप आला की जागा दुसऱ्या कोणाला दिली. पंधरा दिवसांनी त्याच इमारतीवर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती.

भाईंदरला आपली माणसे राहत नाहीत असे मुळीच नाही. राहतात आणि सुखाने राहतात. पण त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. लेकीने विचारले, ‘मग आपण नाव बदलून सांगायचं का?’ आई म्हणाली, ‘नाय बाय. त्येंनी आपल्याला नाव दिलंय ते लपवायला नाय.’ वहीतल्या रकान्यांत हा रकाना आम्ही धरलाच नव्हता.

आठ दिवस राहून पाहिले

नालासोपारा पूर्वेला आचोळे रस्त्याच्या बाजूला आमची मावसबहीण राहते. ती म्हणाली, ‘ताई, वहीत काय बघता? आठ दिवस माझ्याकडे राहा आणि इथून कामाला जा.’ आम्ही तसेच केले. आमचा पहिला सल्ला हाच आहे. ज्या गावी घर करायचे तिथे आधी आठवडाभर पाहुणे म्हणून राहा आणि तिथून कामावर जाऊन या. रविवारी दुपारी एजंटबरोबर पाहिलेले घर आणि सोमवारी सकाळी सातला त्याच घरातून निघणे, यांत फार अंतर आहे.

पहिल्याच दिवशी कळले की विरारहून येणारी जलद गाडी नालासोपाऱ्याला येते तेव्हाच भरलेली असते. अंधेरीला पाऊण-पन्नास मिनिटांत पोहोचते, पण उभे राहून. म्हणून इथली पुष्कळ माणसे आधी उलट विरारला जातात आणि तिथून बसून येतात. याला ‘रिटर्न’ म्हणतात. पास मात्र विरारपासूनचा काढावा लागतो आणि अर्धा तास आधी घर सोडावे लागते. चर्चगेट इथून सुमारे ५६ किलोमीटर. जुने रहिवासी सांगतात, बोरिवली ते विरार चार मार्ग २००७ मध्ये पूर्ण झाले, त्याआधी दोनच मार्गांवर सगळा भार होता. बायकांसाठी महिला विशेष गाडी १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि १९९३ मध्ये विरारपर्यंत आली. त्या गाडीने कितीतरी आयाबहिणींच्या नोकऱ्या टिकविल्या असतील.

वालीवला जाणे त्यामानाने सोपे. आचोळे रस्त्याने वसईच्या एव्हरशाईनपर्यंत एक शेअर रिक्षा, तिथून गोखिवऱ्याकडून वालीवला दुसरी. चाळीस मिनिटे. रेल्वेचा जिनासुद्धा चढावा लागत नाही.

आईने मात्र गाडी पाहिली नाही, रिक्षा पाहिली नाही. तिने मोरीतला नळ सोडून पाहिला. शेजारणीला विचारले, पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, मे महिन्यात काय करता. वसई-विरारला पाणी सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांतून येते, तरी आतल्या भागांत आजही टँकरवर दिवस काढणारी घरे आहेत. पाणी रात्री दोनला येत असेल तर रात्री दोनला उठणार कोण, हे घर ठरविण्याआधीच ठरवावे लागते. बहुतेक घरांत ते न बोलताच ठरलेले असते.

पावसाचेही विचारून घ्यावे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरले आणि गाड्या बंद पडल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. मावसबहिणीच्या इमारतीच्या तळमजल्यावर भिंतीला पाण्याची रेघ अजून दिसते. ती पाहून आम्ही तळमजला नको असे ठरविले.

स्वस्त घर आणि त्याचे कागद

त्याच सुमारास एक मोह आला. पूर्वेला आतल्या बाजूस चार मजली इमारतीत एक जागा विकत मिळत होती, बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. प्रॉव्हिडंट फंडातून काही रक्कम, आईच्या पाटल्या, थोडे उसने, असे जमविले तर जमण्यासारखे होते. ‘आपलं घर’ या दोन शब्दांनी माणूस किती आंधळा होतो, ते आम्हांला तेव्हा कळले. एजंट सांगत होता, ‘दार पूर्वेला आहे, वास्तू एकदम लाभदायक.’ कागद विचारले की घरपट्टीची पावती दाखवी, विजेचे बिल दाखवी, नोटरीचा करार दाखवी. भोगवटा प्रमाणपत्र मागितले तर म्हणाला, ‘इथे सगळ्यांचं असंच आहे.’

विहारात येणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांनी आम्हांला खाली बसविले आणि समजावून सांगितले. घरपट्टी भरली म्हणून इमारत कायदेशीर होत नाही. विजेचे बिल आले म्हणूनही होत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे, जमीन बिगरशेती झाली आहे का, बांधकाम परवानगी आहे का, विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का, हे सारे तपासावे. १९९० पासून या भागात सिडको नियोजन प्राधिकरण होते. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. जुन्या इमारतीचे कागद कोणाच्या काळातले आहेत ते पाहावे आणि ते खरे आहेत का, हे त्या कार्यालयातच जाऊन विचारावे. नव्या इमारतीची महारेरात नोंद पाहावी. बँक कर्ज द्यायला तयार नसेल तर आपणही पैसे देऊ नयेत.

आम्ही महापालिकेत दोन खेपा घातल्या आणि त्या जागेचा नाद सोडला. घरात चार दिवस अबोला होता. पुढे २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातील ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांत आपल्यासारखीच कष्टाची माणसे होती, त्यांनीही आयुष्याची पुंजी घातली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जण दगावले. त्या बातम्या वाचताना आईच्या पाटल्या पेटीत आहेत, याचा आनंद आम्हांला झाला नाही. फक्त अंगावर काटा आला.

तास कोणाचे वाढले?

शेवटी आम्ही नालासोपाऱ्यालाच, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याने जागा घेतली. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार केला. आजही भाड्यानेच राहतो. पैसे साठवितो आहोत आणि कागद पक्के असलेले छोटे घर शोधतो आहोत.

वहीतल्या हिशेबाने पाहिले तर हे सर्वांत चांगले ठिकाण नव्हे. अंधेरीला जाणाऱ्याचे रोजचे जवळजवळ दोन तास वाढले. पण आम्ही तासांची बेरीज करताना आणखी एक प्रश्न विचारला: हे तास कोणाचे? वालीवला जाणारी कामावरून सुटली की तिला पाणी, स्वयंपाक, आईचे औषध आणि लेकीचा अभ्यास असतो. तिचा तास वाचला तर तो घरात चौघांना वाटला जातो. दुसऱ्याचा तास वाढला, तो गाडीत उभे राहून जातो. त्याबदली रात्रीचे पाणी भरणे त्याच्याकडे आले. पहिले चार दिवस हंडा सांडला, मग सवय झाली. ज्या घरात पुरुषाची नोकरी जवळ आणि बाईची लांब असते तिथे कोणी हिशेब मांडत नाही. घर ‘सोयीचे’ आहे असेच म्हणतात. आमचे एवढेच सांगणे आहे की रुपये मोजा, किलोमीटर मोजा, पण घरातल्या प्रत्येकाचे तास वेगवेगळे मोजा.

सोपाऱ्याचा स्तूप

दर महिन्याला एका रविवारी आम्ही पश्चिमेला सोपारा गावात स्तूपाजवळ जातो. लोक त्याला बुरुडराजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तीत करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ साली मिळाला, धम्मदीक्षेच्याच वर्षी. त्या नवव्या लेखात सम्राट सांगतो की लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांना मान देणे हेच खरे मंगल. ‘दार पूर्वेला आहे’ म्हणणाऱ्या एजंटाची तेव्हा आठवण होते.

बौद्ध परंपरेत पूर्ण नावाचा व्यापारी याच सोपाऱ्याचा. भिक्खू झाल्यावर तथागतांनी त्याला विचारले की तू कोणत्या प्रदेशात जाऊन राहणार. त्याने आपल्याच मुलखाचे, सुनापरांताचे नाव घेतले. तिथली माणसे उग्र आहेत, शिव्या देतील, मारतील, असे तथागतांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगून पाहिले. पूर्णाने प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिले आणि तो इथेच येऊन राहिला. पुढे पुष्कळ माणसे त्याच्यामुळे धम्माच्या मार्गाला लागली.

ही गोष्ट लेकीला सांगितली तेव्हा तिने विचारले, ‘त्याला घर कोणी दिलं?’ आम्हांला उत्तर देता आले नाही. आई म्हणाली, ‘दिलं असंल कुणीतरी शेजाऱ्यानं.’ परवा आमच्या मजल्यावर एक नवे बिऱ्हाड आले. रात्री दोनला पाणी येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही जाऊन दार ठोठावले.

जयभीम.