एका चकतीला चार प्रश्न

उंदराचा मेंदू शरीराबाहेर काढला तरी तो लगेच मरत नाही. बर्फगार क्षारांच्या पाण्यात ठेवून, थरथरणाऱ्या पात्याने त्याच्या ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापतात. मग थोडी साखर घातलेलं तसंच पाणी आणि त्यात सोडलेला ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिळाला, की चकतीतल्या पेशी काही तास एकमेकींना विजेचे संकेत पाठवत राहतात.

माझी भाची हेच काम करते. ऐकून अम्मीने पहिलं विचारलं, "आणि उंदराला मारता कसं?"

"आधी भूल देतो, नानी."

अम्मी "हं" म्हणाली. बकरी ईदला सुरी धारदार हवी, ती जनावरासमोर परजायची नाही, त्याला आधी पाणी पाजायचं, हे आम्ही तिच्याकडूनच शिकलो. जीव घ्यायचाच असेल तर जास्तीचा त्रास नको. पण किती जीव, हा हिशेब आमच्या घरात कुणी मांडला नव्हता. भाचीचं सगळं काम त्या हिशेबाचं आहे.

जुन्या पद्धतीत औषध पाण्यात मिसळलं की अख्खी चकती भिजते. एक चकती, एक प्रश्न. भाची वापरते ती चिप सिलिकॉन रबराची, आत केसाएवढ्या बारीक वाटा. इतक्या अरुंद जागेत पाणी घुसळत नाही. दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात, सीमेवर हळूहळू झिरपतात तेवढेच. चकतीखालच्या छिद्रातून औषध फक्त हिप्पोकॅम्पसच्या एका कोपऱ्याला द्यायचं आणि बाजूच्या छिद्रातून उरलेलं ओढून घ्यायचं. शेजारचा भाग बराचसा कोरा राहतो, तिथे दुसरं औषध. मात्र उतीत शिरलेलं औषध पसरतच जातं, म्हणून घाई करावी लागते.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ सालीच लिहून ठेवलं होतं : प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. चिप दुसऱ्या कलमात बसते. पहिल्यात नाही. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढावी लागलेली माणसाची उती रुग्णाच्या संमतीने वापरतात, पण ती कितीशी मिळणार? कमी म्हणजे शून्य नव्हे, हे भाचीला मी सांगायची गरज नव्हती.

तिचा खरा वैरी हवेचा बुडबुडा. बारीक वाटेत तो अडकला की प्रवाह थांबतो, चकती वाया, म्हणजे आणखी एक उंदीर. म्हणून सकाळी ती आधी चकतीशिवाय नुसती चिप चालवून बघते. बुडबुडा दिसला तर त्या दिवशी पिंजऱ्याकडे जात नाही.