पॅलेस आज बंद आहे!

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर इस्त्रीच्या शर्टातले एक काका भेटले. ‘आज पूजा आहे, बंद. २० बाटमध्ये टुकटुकने मंदिरं बघा.’ मुंबईत रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडणारी मी चक्क बसले! एक मंदिर, मग थेट रत्नांचं दुकान. ‘आज शेवटचा सेल, भारतात दुप्पट भाव मिळेल!’ ताईच्या लग्नासाठी साठवलेले पैसे कार्डावर होते, हात पर्समध्ये गेलाही होता. मैत्रीण पुटपुटली, ‘अगं, दुप्पट मिळतात तर हाच का नाही जात विकायला?’

बाहेर टुकटुक गायब. पॅलेस उघडाच होता, पण तिकिटं ३.३० पर्यंतच, आम्ही पोचलो ३.४० ला. टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर त्या रात्री मोबाइलमध्ये टाकला. ताईची अंगठी दादरलाच घेतली.