पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म

होस्टेलवर कादंबरी वाचणारा मुलगा म्हणजे एक संशयास्पद प्राणी! इथे लोकल ऑथर, मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि मित्राचं जर्नल एवढंच वाचायचं असतं, असा अलिखित नियम आहे. त्यातून ते पुस्तक ‘हॅरी पॉटर’ निघालं तर विचारूच नका. ‘‘अरे, काय लहान पोरांचं वाचतोस!’’ म्हणून रूम पार्टनर उशी फेकून मारतो. तरीही मंडळी, हा लेख हॅरी पॉटरवरच आहे. कुणाला उशी फेकायची असेल त्यांनी आताच फेकून घ्यावी.

माझी धाकटी बहीण सातवीत आहे, बार्शीजवळच्या आमच्या गावी. तालुक्याच्या वाचनालयात तिला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मिळालं, बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केलेला मराठी अनुवाद. ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ म्हटलं की मला केमिस्ट्रीच्या लॅबमधली बाटली आठवते, पण परीस म्हटलं की आजीच्या गोष्टीतलं लोखंड सोनं व्हायला लागतं. तिने ते दोन दिवसांत संपवलं. पण पुढचे भाग वाचनालयात नव्हते. माझ्याकडे एका सीनिअरने सोडून दिलेला इंग्रजी संच होता. मग करार झाला. मी दिवसा इंग्रजीत वाचायचं आणि मेस आटोपली की रात्री फोनवर तिला मराठीत सांगायचं. वेळ पावणेदहा. गोष्टीतली हॉगवर्ट्सची गाडी सुटते तो प्लॅटफॉर्म नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश. इंग्रजीत ते म्हणताना धाप लागते, आपल्याकडे सरळ पावणेदहा!

दुसरा भाग आठवड्यात उरकला. मध्येच पहिल्या भागातल्या त्या आरशाचा विषय निघाला, ज्यात माणसाला मनातली सगळ्यात खोल इच्छा दिसते. त्याचं इंग्रजी नाव ‘एरिसेड’, म्हणजे ‘डिझायर’ची अक्षरं उलटी. मराठीत हे कसं करायचं, यावर आमचे दोन दिवस गेले. ‘इच्छा’ उलटून काही होईना. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. ‘‘दादा, मनोरथ उलटं वाच. थरनोम! थरनोमचा आरसा!’’ मी एम-थ्री सोडून अर्धा तास हसत होतो.

आम्ही दोघं त्या आरशात काय बघू, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तिसऱ्या भागात डिमेंटर येतात. ते जवळ आले की हवा गार पडते, सगळा आनंद शोषला जातो आणि माणसाकडे फक्त सगळ्यात वाईट आठवणी उरतात. मी वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे सुतकी.’’ मी इंग्रजीतली चार पानं डिक्शनरी घेऊन वाचली होती, तिने एका शब्दात संपवलं. त्यानंतर आमच्याकडे ते सुतकीच.

लेखिका जे. के. रोलिंगने सांगितलंय की हे प्राणी तिच्या स्वतःच्या नैराश्यातून आले. तिची आई १९९० च्या डिसेंबरात गेली, पंचेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा हॅरी पॉटर लिहायला सुरुवात होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि आईला त्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पहिलं पुस्तक आलं १९९७ मध्ये. हे वाचल्यावर मला ती पुस्तकं लहान पोरांची वाटेनाशी झाली.

डिमेंटर जवळ आले की हॅरीला त्याच्या मेलेल्या आईवडिलांचे शेवटचे आवाज ऐकू येतात. त्यांना पळवून लावायचा मंत्र त्याला शिकायचा असतो, पण मनातून त्याला ते आवाज पुन्हा ऐकायचेही असतात, कारण दुसरीकडे कुठे ते ऐकायला मिळणार नसतात. हा भाग मी तिला सांगितला नाही, गाळला. माझ्या फोनमध्ये बाबांचा सव्वीस सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज आहे. त्यात गॅस सिलिंडर आणि एसटीची वेळ एवढंच आहे. तो मी किती वेळा ऐकलाय हे घरी कुणाला माहीत नाही.

मग तळ्याचा प्रसंग आला. त्या दिवशी मी मोरया गोसावी मंदिरामागे, पवनेच्या घाटावर बसून फोन लावला. होस्टेलवर कुणाचा तरी बर्थडे होता, नुसता गोंधळ. गोष्ट अशी, की पलीकडच्या काठावरून कुणीतरी मंत्र टाकून हॅरीला वाचवलेलं असतं आणि त्याची खात्री असते की ते त्याचे वडीलच. नंतर काळात मागे जाऊन तो त्याच काठावर त्यांची वाट बघत उभा राहतो. इंग्रजीत हे मी दुपारी कॅन्टीनमध्ये चहा पीत वाचलं होतं. ‘डॅड’ हा शब्द पानावर होता आणि तसाच डोळ्यांपुढून गेला होता. आता सांगताना वाक्य मराठीत करावं लागलं, ‘‘तो बघत राहिला, पण बाबा...’’ आणि माझा आवाजच बसला.

तिकडून बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग ती म्हणाली, ‘‘आले नाहीत ना?’’

‘‘नाही आले.’’

‘‘मग वाचवलं कुणी?’’

‘‘त्यानेच. आधी पलीकडून त्याला जो दिसला होता, तो तो स्वतःच होता. मंत्र त्यानेच टाकला. त्यातून शिंगंवालं मोठं हरीण निघालं. त्याचे बाबा जादूने हरीण व्हायचे, तसंच.’’

ती रडत होती हे कळत होतं. मागून आईने ‘‘काय झालं गं?’’ विचारल्याचं ऐकू आलं. त्यावर तिने आईला पहिल्यापासून गोष्ट सांगायला सुरुवात केली, सुतक्यांसकट, फोन तसाच चालू ठेवून. मी वीस मिनिटं घाटावर बसून माझीच गोष्ट तिच्या तोंडून ऐकत होतो. तिने मी न सांगितलेली दोन-चार वाक्यंही घातली होती. बाबांच्या जागी ती न अडखळता ‘बाबा’ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी गाळलेला भागही सांगितला आणि तो सव्वीस सेकंदांचा मेसेज तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘‘एसटी सव्वासहाची नव्हती, साडेसहाची होती. बाबा नेहमीच चुकीची वेळ सांगायचे.’’

चौथा भाग सहाशेच्या वर पानांचा आहे. मी पीएलचं कारण सांगून पाहिलं, चाललं नाही.